बाळाचे दात आणि पालकांशी संवाद

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यविषयक व्याख्यान म्हटले की हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब अशी भारदस्त नावे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यांच्या पंक्तीत अडीच वर्षांच्या बालकाच्या किडलेल्या दाताला स्थान द्यावे, हे कित्येकांना किंचित विनोदी वाटेल. परंतु ज्या घरातील मूल रात्री दोन वाजता गाल धरून रडत बसते आणि त्याच्या उशाशी आई, आजी, आजोबा असे तिघेही हतबल होऊन जागतात, त्या घराला त्यात विनोद दिसत नाही. आपल्या देशात २००२-०३ मध्ये मौखिक आरोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यात पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ५२ टक्के बालकांचे दात किडलेले आढळले. म्हणजे बालवाडीच्या वर्गातील निम्मी मुले. इतक्या मोठ्या प्रमाणावर पसरलेला आणि तरीही बहुतांशी टाळता येण्याजोगा असा दुसरा बालरोग शोधू गेल्यास सहज सापडणार नाही.

हा रोग टाळण्याची साधने स्वस्त आहेत आणि ती सर्वांना ठाऊकही आहेत. मग तो टळत का नाही, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. त्याचे उत्तर औषधशास्त्रापेक्षा पालकांशी बोलण्याच्या रीतीत अधिक दडलेले आहे, असे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील अभ्यासांवरून दिसते. तथापि त्या उत्तराकडे वळण्यापूर्वी दात किडतो म्हणजे काय होते, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे.

दातांवर सतत एक चिकट थर साचत असतो आणि त्यात असंख्य जिवाणूंची वस्ती असते. तोंडात साखर आली की हे जिवाणू ती खाऊन आम्ल तयार करतात. तोंडातील पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की त्या आम्लात दाताच्या कठीण आवरणातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. त्यानंतर लाळ आपले काम करते. अर्ध्या ते एक तासात ती आम्ल निष्प्रभ करते आणि गेलेली खनिजे काही अंशी दातात परत भरते. हा सारा जमाखर्च आहे. दिवसातून चार वेळा खर्च पडला आणि मधल्या वेळेत जमा होत राहिली, तर खाते टिकते. मात्र दर तासाला खर्च पडू लागला, की जमेला अवसरच मिळत नाही आणि एके दिवशी दातात खड्डा दिसतो. रात्री झोपेत लाळ अतिशय कमी स्रवते. म्हणून गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपी गेलेल्या बाळाच्या खात्यात रात्रभर केवळ खर्चच पडत राहतो. त्यात प्रथम बळी जातात ते वरचे पुढचे चार दात. खालच्या दातांवर जिभेचे आणि लाळेचे संरक्षण असते, त्यामुळे ते बराच काळ शाबूत राहतात. वरचे काळवंडलेले आणि खालचे पांढरेशुभ्र असे दृश्य दिसले, की अनुभवी दंतवैद्य रात्रीच्या बाटलीविषयी विचारतो.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली याला अधिक महत्त्व आहे, हे ज्या प्रयोगातून जगापुढे आले, त्याचा इतिहास क्लेशदायक आहे. स्वीडनमधील लुंड शहरानजीकच्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात मतिमंद रुग्णांवर हा प्रयोग झाला. त्यांच्यापैकी काही गटांना जेवणाबरोबर साखर देण्यात आली, तर काहींना दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटणारी टॉफी देण्यात आली. टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे नुकसान त्या मानाने फारच अल्प झाले. ज्यांना नकार देण्याचे सामर्थ्यच नव्हते, त्यांचे दात या ज्ञानाकरिता खर्ची पडले. हिंसेची व्याख्या सूक्ष्मपणे करणाऱ्या समाजाने हे ज्ञान वापरताना त्या अभाग्यांचे स्मरण ठेवणे उचित होईल. पुढे स्वीडनमध्ये मुलांना मिठाई आठवड्यातून एकदाच, शनिवारी, देण्याची प्रथा रूढ झाली आणि ती आजही पाळली जाते.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या घरात बाळावर प्रेम करणारे हात पुष्कळ असतात आणि प्रत्येक हातात काही ना काही गोड असते. आजोबा बाजारातून येताना गोळी आणतात. आत्या येते तेव्हा चॉकलेट आणते. चहात बुडवलेले बिस्किट तर पाहुण्यांच्या प्रत्येक फेरीला मिळते. मध आपल्याकडे वर्ज्य आहे, परंतु त्याची जागा खडीसाखरेने आणि गुळाने घेतली आहे. गूळ पौष्टिक असतो, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तोंडातील जिवाणूंना मात्र गूळ, खडीसाखर आणि दुकानातील गोळी यांतील भेद कळत नाही. बाटलीतील दुधात दोन चमचे साखर नसेल तर बाळ पीत नाही, ही तक्रार तर सार्वत्रिक आहे. वस्तुतः बाळाला ती सवय मोठ्यांनीच लावलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांच्या आहाराविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात साखर घातलेली पेये या वयात देऊच नयेत, असे सांगितले आहे.

स्तनपानाविषयी येथे एक खुलासा केलाच पाहिजे, कारण अर्धवट ऐकून एखादी माता अंगावरचे दूध तोडावयास निघेल. स्तनपान दोन वर्षे आणि त्यापुढेही चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिल्या वर्षात तर त्याने दातांचे रक्षणच होते. वर्षानंतर रात्रभर वारंवार पाजणे चालू असेल आणि जोडीला दिवसभर गोड खाणेही असेल, तर मात्र धोका वाढतो. अशा वेळी गोड कमी करावे आणि दात स्वच्छ ठेवावेत. आईचे दूध हा काही अपराधी नव्हे.

दुसरा मोठा गैरसमज असा की दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांची एवढी चिंता कशासाठी? पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पूर्ण होतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचे असताना पडू लागतात, हे खरे. परंतु मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाने आणखी सात-आठ वर्षे चावावयाचे असते. ती अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणारा कायमचा दात वाकडा येतो. ठणकणाऱ्या दाढेचे मूल एका बाजूने जेवते, कमी जेवते, चिडचिडे होते, झोपत नाही. तीन वर्षांचे मूल दंतवैद्याच्या खुर्चीत तासभर तोंड उघडून बसू शकत नाही, म्हणून अनेकदा पूर्ण भूल देऊन उपचार करावे लागतात. कॅनडासारख्या संपन्न देशात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अधिकृत अहवालानुसार एक ते पाच वर्षे वयोगटातील सुमारे १९,००० मुलांवर दरवर्षी केवळ दातांच्या किडीसाठी रुग्णालयात भूल देऊन उपचार होत होते. एवढ्या लहान जीवाला भूल देण्याच्या कागदावर सही करताना बापाचा हात थरथरतो. तो प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

हे सर्व पालकांना सांगितले म्हणजे काम झाले, अशी समजूत दीर्घकाळ होती. दवाखान्याच्या भिंतीवर तक्ते लागले, पत्रके वाटली गेली, शिबिरांतून भाषणे झाली. परिणाम फार थोडा झाला. बाटली वाईट, हे आईला माहीत असते. परंतु रात्री अकरा वाजता बाळ किंचाळू लागते, भिंतीपलीकडे सासऱ्यांची झोपमोड होते, पहाटे उठून डबा करावयाचा असतो आणि हाताशी बाटली असते. त्या क्षणी पत्रक काय उपयोगाचे? पुढच्या भेटीत डॉक्टर रागावतात, ती मान खाली घालून ऐकते आणि त्यानंतर दवाखान्यात जाणेच टाळते. रागावणाऱ्याचे समाधान होते. बाळाचे दात होते तसेच किडत राहतात.

कापडाच्या पेढीवर उमेदवारी केलेल्या कोणालाही याचे मर्म चटकन उमगेल. नवखा विक्रेता गिऱ्हाईक आत येताच ठाणामागून ठाण उलगडतो आणि मालाचे गुण गात सुटतो; गिऱ्हाईक दडपून जाते आणि ‘पुन्हा येतो’ म्हणून उठते. जाणता विक्रेता आधी बसावयास सांगतो, पाणी देतो आणि विचारतो, कार्य कोणाचे आहे, कोणासाठी हवे आहे, मनात काय आहे. मग तीनच ठाण काढतो. निवड गिऱ्हाइकाची असते, म्हणून ते कापड घरी गेल्यावर परत येत नाही.

वैद्यकशास्त्रात जवळपास हीच रीत एका वेगळ्याच दारातून आली. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मद्यासक्त रुग्णांशी बोलण्याच्या पद्धतीविषयी १९८३ मध्ये एक लेख लिहिला आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासमवेत त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या पद्धतीला प्रेरणात्मक संवाद म्हणता येईल. मद्यपीला जितके दटावावे तितका तो आपल्या सवयीचे समर्थन करू लागतो. परंतु त्याला शांतपणे बोलते केले, तर बदलाची कारणे त्याच्याच तोंडून बाहेर येतात, आणि स्वतः उच्चारलेल्या कारणाशी माणूस अधिक प्रामाणिक राहतो, हे त्यातील मुख्य सूत्र.

हे सूत्र बाळाच्या दातांना लागू पडते काय, याची परीक्षा कॅनडातील सरे या शहरात झाली. व्हँकुव्हरनजीकच्या या शहरात पंजाबी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. देश परका असला तरी घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द, बाळाला दुधाने गुटगुटीत करण्याची हौस आणि पाहुणचारातील गोडवा या गोष्टी त्यांनी सोबत नेल्या. त्यामुळे तेथील अनुभव आपणास परका वाटू नये. फिलिप वाइनस्टीन, रोझमंड हॅरिसन आणि टोन्या बेन्टन या अभ्यासकांनी सहा ते अठरा महिने वयाची २४० बाळे आणि त्यांच्या माता निवडल्या. एका गटाला पत्रक दिले आणि चित्रफीत दाखविली. दुसऱ्या गटाला तेच पत्रक व तीच चित्रफीत देऊन शिवाय एकदा सुमारे ४५ मिनिटांचा प्रत्यक्ष संवाद आणि वर्षभरात सहा दूरध्वनी एवढीच जोड दिली. संवाद साधणाऱ्या स्त्रिया त्याच समाजातील, मातांची भाषा बोलणाऱ्या होत्या.

वर्षअखेरीस दात तपासले, तेव्हा पत्रकाच्या गटात प्रत्येक मुलामागे दाताचे सरासरी १.९१ पृष्ठभाग नव्याने किडलेले आढळले. संवादाच्या गटात हा आकडा ०.७१ होता. दोन वर्षांनंतर पत्रकाच्या गटातील ५२ टक्के मुलांना नवी कीड लागलेली होती, तर संवादाच्या गटातील ३५.२ टक्के मुलांना. हे निष्कर्ष २००४ आणि २००६ मध्ये अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संवादाच्या गटातील मातांनी दातांना फ्लोराइडचा लेप लावून घेण्यासाठीही मुलांना अधिक वेळा आणले. पाऊण तासाचे बोलणे आणि सहा दूरध्वनी यांचे मोल व्यापारी हिशेबाने मांडले, तरी एका मुलाच्या भुलेखालील उपचारापुढे ते अगदीच किरकोळ ठरेल.

त्या पाऊण तासात काय बोलले जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. संवाद आपल्याकडील घरात झाला, तर त्याचा मासला साधारण असा असेल.

‘ताई, बाळाच्या दातांविषयी तुमच्या मनात काय आहे? पुढे ते कसे असावेत असे वाटते?’

‘माझे दात लहानपणीच खराब झाले हो. हिचे तरी चांगले राहावेत.’

‘म्हणजे तुम्ही ते दुखणे स्वतः सोसले आहे. रात्री ही कशी झोपते?’

‘बाटलीशिवाय झोपतच नाही. मला कळते, पण सासूबाई म्हणतात, पोट भरले नाही म्हणून रडते.’

‘आजींना तिच्या पोटाची काळजी आहे, आणि तुम्हाला दातांची. दोन्ही खरे आहे. काही घरांनी काय काय करून पाहिले ते सांगू का? त्यातले तुम्हाला जमेल असे वाटले, तरच घ्या.’

येथे ‘सांगू का’ या दोन शब्दांना मोठे महत्त्व आहे. परवानगी मागितलेला सल्ला कानात शिरतो. मग ती समुपदेशक स्त्री काही पर्याय पुढे ठेवते. दुधातील साखर दर चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करावी. झोपण्यापूर्वी पोटभर भात-वरण द्यावे, म्हणजे आजींचीही शंका फिटते. बाटली बिछान्याबाहेर, मांडीवर संपवावी, मग दात पुसावेत आणि नंतर मागितले तर केवळ पाणी द्यावे. वर्षाचे मूल कपाने पिऊ शकते, तेव्हा दिवसाची बाटली आधी सोडवावी आणि रात्रीची नंतर. यांपैकी आई एक किंवा दोन गोष्टी निवडते. सर्व पर्याय एकदम लादले जात नाहीत. निघताना ती स्त्री विचारते की हे करताना अडचण कोठे येईल, आणि ती आल्यास काय करता येईल. दूरध्वनीचे काम त्यानंतरचे आहे. तिसऱ्या रात्री हार मानलेल्या आईला ‘दोन रात्री तर जमले ना?’ असे कोणी विचारले, तर चौथ्या रात्री ती पुन्हा प्रयत्न करते. आपल्याकडे ‘समुपदेशन’ म्हणून जे चालते, त्यात बहुतेक ठिकाणी बोलणारा एकटा समुपदेशकच असतो, ही खंत येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

या पद्धतीचा गौरव करताना अतिशयोक्ती होऊ नये. रोझमंड हॅरिसन यांनी पुढे कॅनडातीलच क्वेबेक प्रांतात क्री या आदिवासी समाजाच्या नऊ वस्त्यांत असाच संवाद करून पाहिला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकंदर किडीच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. अधिक वेळा संवाद झालेल्या कुटुंबांतील मुलांची कीड काहीशी सौम्य असावी, एवढेच संकेत मिळाले. उलटपक्षी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात केवळ लिखित मार्गदर्शनानेही मोठा लाभ झाल्याचे २००८ मध्ये दिसून आले. तेथे पहिलटकरणींना गरोदरपणी, बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर आणि वर्षाचे झाल्यावर, अशा तीन टप्प्यांत त्या त्या वेळी उपयोगी पडेल तेवढीच माहिती देण्यात आली. वीस महिन्यांच्या वयात गंभीर कीड मार्गदर्शन मिळालेल्या गटात १.७ टक्के आणि इतर गटात ९.६ टक्के बाळांत आढळली. सरे येथे लिखित माहिती अपुरी पडली, ॲडलेडला मात्र ती कामी आली, बहुधा ती सवय जडण्यापूर्वी हाती पडली म्हणून. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा बाळाच्या आहाराविषयी मातांना दिलेल्या सल्ल्याने कीड लागण्याची जोखीम सुमारे १५ टक्क्यांनी घटते असे आढळले. १५ टक्के हा चमत्कार नाही. पण व्यापाऱ्याला १५ टक्क्यांचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

वेळ साधण्याच्या दृष्टीने आपल्याकडे एक आयती सोय आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस देण्यासाठी आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्या मात्रेसाठी बाळाला न्यावेच लागते. पहिल्या भेटीच्या वेळी नुकतेच दोन-चार दात आलेले असतात आणि दुसऱ्या भेटीपर्यंत दाढाही दिसू लागलेल्या असतात. लसीनंतर अर्धा तास थांबावयाचे असतेच. तो अर्धा तास बहुधा भ्रमणध्वनीकडे पाहण्यात जातो.

घासण्याविषयी थोडेसे. पहिला दात दिसताच मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी न चुकता, दात घासावेत. तीन वर्षांखालील बाळासाठी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशवर लाटेसारखी पसरलेली पेस्ट दाखवितात, ती पेस्ट विकणाऱ्याच्या सोयीची. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात पुरेसा वळत नाही, म्हणून घासण्याचे काम मोठ्यांनी करावे. यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांत काही ठिकाणी विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे. त्या भागात नातेवाईक असतील, तर त्यांनी पाण्याची तपासणी करून दंतवैद्याच्या सल्ल्यानेच पेस्ट निवडावी. तसेच महिन्यातून एकदा खिडकीजवळच्या उजेडात बाळाचा वरचा ओठ हळूच उचलून पाहावा. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी असते. त्या अवस्थेत गोड कमी केले, नीट घासले आणि दंतवैद्याकडून फ्लोराइडचा लेप लावून घेतला, तर दात पूर्ववत कठीण होऊ शकतो. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला, की ती संधी गेली. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्याकडे जाऊन यावे. दुखत नसताना गेलेले मूल पुढे त्या खुर्चीला भीत नाही.

आतापर्यंत वारंवार ‘आई’ हा शब्द आला आणि तो तसा येणे हीच या कामातील एक अडचण आहे. बाळाचा दात किडला की दोष आईच्या पदरात पडतो. गोळी मात्र आजोबांच्या खिशातून निघालेली असते आणि बाटली लवकर द्या असा आग्रह दुसऱ्याच खोलीतून झालेला असतो. म्हणून संवादाला आजी-आजोबा आणि वडील यांनाही बसवावे. आजोबांनी लाड करू नयेत, असे कोण म्हणेल? त्यांनी जेवणानंतर लगेच गोड द्यावे, मधल्या वेळी फळ किंवा चणे-फुटाणे द्यावेत. पाच वर्षांखालील मुलाला चणे-शेंगदाणे मात्र घशात अडकण्याचा धोका असल्याने देऊ नयेत. आपल्या घरातील ज्येष्ठ सूर्यास्तानंतर तोंडात काही न घालण्याचा नियम वर्षानुवर्षे निष्ठेने पाळतात. रात्री अकरा वाजता नातवाला गोड दूध मात्र त्यांच्याच आग्रहाने मिळते. लहान बाळावर व्रताचे बंधन नसते हे योग्यच. तथापि दात घासल्यानंतर पाणी तेवढे चालेल, एवढा तिविहार बाळालाही सोसेल आणि आजी त्याची आठवण कोणत्याही डॉक्टरपेक्षा अधिक प्रेमाने करून देऊ शकेल.

पाठशाळेत सूत्र पाठ म्हणून दाखविणाऱ्या मुलाला चॉकलेट आणि प्रवचनानंतरच्या प्रभावनेत बतासे किंवा पेढे, ही प्रथा प्रेमाची आहे, तिच्यावर टीका करण्याचा हेतू नाही. पर्युषणातील आठ-दहा दिवसांत तिचा हिशेब मात्र कोणीतरी मांडून पाहावा. पेन्सिल, वही, रंगखडू यांनीही मुलांचे डोळे चमकतात. ज्या संघांनी ते केले आहे, तेथील मुलांनी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

आज सभागृहात कडेवर बाळ घेऊन आलेल्या अनेक भगिनी आहेत. त्यांनी घरी गेल्यावर सर्व काही एकदम बदलण्याचा संकल्प सोडू नये. तो चौथ्या दिवशी मोडतो आणि मागे अपराधीपणा ठेवून जातो. एक गोष्ट निवडावी. घरातील इतरांनी पंधरा दिवसांनी तिची चौकशी करावी, आणि ती चौकशी ‘केलेस का?’ या शब्दांत न करता ‘कसे चालले आहे?’ या शब्दांत करावी.